मिसिंग कॉइलचं की जळलेल्या व्हॉल्वचं?

पावसात कोकणात गाडीने मिसिंग मारलं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटलं नाही, की सगळे आधी ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला वीज देणारी कॉइलच धरतात. बरेचदा ते बरोबर पण असतं, इथली दमट खारी हवा, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, कॉइलच्या रबरी बुटात ओल जाते आणि मग ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता बाजूनेच पळते. पण या सवयीपायी जळलेला व्हॉल्व महिनोन्महिने कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि तोपर्यंत त्याची सीट, म्हणजे बंद होताना तो जिथे टेकतो ती कडा, पण जाते.

गणपतीला माझा चुलतभाऊ मुंबईहून सीएनजी गाडी घेऊन आला. कशेडी घाटाच्या आधीच इंजिनचा चेक लाइट लागलेला, स्कॅनरला कोड पी०३०३, म्हणजे तीन नंबर सिलिंडरचं मिसिंग. वाटेत एका गॅरेजमध्ये कॉइल आणि प्लग नवीन टाकून दिले तरी गाडी तशीच. "दादा, आता काय राह्यलं बदलायचं?" म्हणाला. पेट्रोलवर टाकून बघितली, तरी तेच, म्हणजे गॅस किटचा पण विषय नाही.

आता दोघांतला फरक. कॉइल कमजोर झाली की गाडी जास्त करून लोडवर झटके देते, कुंभार्ली घाट चढताना चौथ्या गिअरात पाय दाबला की कळतं, आणि उभी असताना बऱ्यापैकी गुळगुळीत वाटते. व्हॉल्वचं बरोबर उलटं, आयडलिंगला सगळ्यात वाईट, स्टिअरिंग थरथरतं, आणि रेस वाढवली की बरंचसं लपतं, कारण इंजिन जोरात फिरताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा, निसटायला वेळच कमी मिळतो. अर्थात कॉइल पूर्ण मेली असेल तर ती सगळीकडेच मिसिंग मारणार, म्हणून नुसत्या लक्षणावर जाऊ नका, तीनची कॉइल एकला लावा आणि एकची तीनला. कोड पी०३०१ झाला तर कॉइलच. तीनवरच राहिला तर कॉइलच्या मागे लागणं सोडा.

पुढचं काम कानाने. इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून सेल्फ (स्टार्टर) मारायचा. चारही सिलिंडर चांगले असतील तर आवाज एका तालात येतो. आमच्या गाडीत दर चौथ्या ठोक्याला सेल्फ एकदम हलका व्हायचा, जिना उतरताना पायरी चुकावी तसा. कॉइल खराब असली तरी हा ताल बिघडत नाही.

मग कॉम्प्रेशन मोजायचा गेज लावला. बाकी तिघांत १७० पीएसआयच्या आसपास, तीनमध्ये ८५. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत बघितलं, पिस्टनची रिंग गेली असती तर आकडा चढला असता, इथे जेमतेम हलला. शेवटी पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर आणून, पिस्टन कॉम्प्रेशनला वरच्या टोकाला ठेवून हवा सोडली आणि मी सायलेन्सरपाशी कान लावला, फिस्स आवाज स्पष्ट येत होता. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व. हाच आवाज थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंग, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा व्हॉल्ववाला भाग, त्याच्या खालचं गॅस्केट.

चेक लाइट लुकलुकत असेल तर मात्र तशी गाडी घाटात घालू नका, न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो जातो.

आता सीएनजीवर हे का होतं, तर गॅस कोरडा असतो, सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व वर सरकतो आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली मोकळी जागा, कमी होत जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो. फट संपली की तो नीट टेकतच नाही, आणि मग त्याची कड जळते. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ते फट स्वतः सांभाळतात, पण ज्या गाडीत टॅपेट हाताने सेट करायचे असतात तिथे सर्व्हिसिंगला फट मोजून घ्या, टॅपेटचा आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, कारण फट कमी झाली की आवाज उलट कमीच होतो.

विसर्जन झाल्यावर हेड उतरवलं. तीनच्या व्हॉल्वची कड नखाएवढी उडालेली. नवा व्हॉल्व घातला, लेथवाल्याने सीट कापून दिली, लॅपिंग करून, म्हणजे व्हॉल्व सीटवर घासून बसवून, पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं, थेंब गळला नाही. फटी मोजायला घेतल्या तर बाकी तिघांच्या एक्झॉस्टच्या पण जवळपास संपलेल्या, पुढचा नंबर त्यांचाच होता.