झोन ट्रान्सफर: प्रायमरी, मास्टर आणि पुन्हा प्रायमरी

झोनची, म्हणजे एखाद्या डोमेनच्या नावा-पत्त्यांच्या नोंदींची, प्रत दुसऱ्या नेमसर्व्हरवर (या नोंदी सांगणाऱ्या सर्व्हरवर) उतरवून ठेवायची सोय डीएनएसइतकीच, म्हणजे नावावरून पत्ता शोधायच्या इंटरनेटच्या व्यवस्थेइतकीच, जुनी आहे. १९८७ च्या आरएफसी १०३४ मधली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) रीत सरळ होती: सेकंडरीने, म्हणजे प्रत घेणाऱ्या सर्व्हरने, ठरावीक वेळाने एसओए ही झोनची मुख्य नोंद विचारायची, तिच्यातला सिरियल (आवृत्तीचा आकडा) वाढलेला दिसला की टीसीपी जोडणीवरून एएक्सएफआर, म्हणजे पूर्ण ट्रान्सफर, करून अख्खा झोन ओढून घ्यायचा. रिफ्रेश, म्हणजे विचारण्यामधलं अंतर, तीन तासांचा असेल तर तुम्ही केलेला बदल दुसरीकडे पोचायला तीन तासही लागू शकत.

खरी उलथापालथ ऑगस्ट १९९६ मध्ये झाली. एकाच महिन्यात तीन आरएफसी आले. १९९६ क्रमांकाच्या आरएफसीने नोटिफाय आणला, म्हणजे झोन बदलला की वरचा सर्व्हरच खालच्याला हाक मारणार. आरएफसी १९९५ ने फक्त फरक पाठवणारा आयएक्सएफआर दिला. आरएफसी १९८२ ने ३२ बिटांच्या सिरियलची तुलना कशी करायची हे पक्कं केलं. हा तिसरा कागद कंटाळवाणा वाटतो, पण हात घसरला की तोच वाचवतो. २०२४०५१५०१ ऐवजी २०४२०५१५०१ टाइप झालं, तर पुढचा योग्य आकडा सेकंडरीला 'जुना' दिसतो आणि ती ढिम्म हलत नाही. त्यावर उपाय म्हणजे चुकलेल्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळवून सिरियल ४१८९५३५१४८ करायचा, सगळ्या सेकंडरींनी तो उचलला की २०२४०५१५०२ लिहायचा. आकडे गोल फिरतात (कमाल आकड्यानंतर पुन्हा शून्य), त्यामुळे हा लहान आकडा आता 'पुढचा' ठरतो.

मात्र सगळ्यात जास्त घोळ नावांनी घातला. बाइंड या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीत, बाइंड ४ मध्ये, बूट फाइलमध्ये शब्द होते 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी'. १९९७ च्या बाइंड ८ ने नवी कॉन्फिग फाइल आणली आणि तिथे ते 'टाइप मास्टर', 'टाइप स्लेव्ह' झाले. नोटिफायच्या आरएफसीने त्याआधीच तीन पायऱ्या आखल्या होत्या. झोन देणारा कुठलाही अधिकृत सर्व्हर तो मास्टर, घेणारा तो स्लेव्ह, आणि साखळीच्या मुळाशी असलेला एकमेव तो प्रायमरी मास्टर. म्हणजे एकच यंत्र वरच्याचं स्लेव्ह आणि खालच्याचं मास्टर असू शकत होतं. गुलामगिरीचे शब्द अलीकडे वगळले ते योग्यच झालं, बरीच वर्षं उशिरा. पण जागा भरायला जुनेच दोन शब्द परत आणले आणि मधली पायरी हरवली. आज बाइंडच्या 'प्रायमरीज' यादीत तुम्ही दुसऱ्या सेकंडरीचा पत्ता लिहिलात तरी तो चालतो, नुसतं वाचणाऱ्याचा मात्र गोंधळ उडतो.

'सेकंडरी' हा शब्दही फसवा. पहिला पडला की दुसरा उठतो, असं काही इथे नसतं. रिझॉल्व्हरला (वापरणाऱ्याच्या वतीने पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरला) एनएस रेकॉर्डमधले, म्हणजे झोनचे म्हणून नोंदवलेले, सगळे सर्व्हर सारखेच, कोण कुणाकडून झोन घेतो हे त्याला कळतही नाही. म्हणून ट्रान्सफर अडला की निम्म्या लोकांना नवा पत्ता दिसतो आणि निम्म्यांना जुना, आणि फोनवर तक्रार करणारे दोघंही खरं तेच सांगत असतात. (संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमधला 'सेकंडरी डीएनएस' ही आणखी तिसरीच गोष्ट.)

कुलूपं मागाहून आली. २००० मध्ये टीसिग, म्हणजे दोघांकडे एकच गुप्त किल्ली. २०२१ मध्ये टीएलएसमधून, म्हणजे सांकेतिक जोडणीतून, ट्रान्सफर, पोर्ट ८५३ वर. तरीही बाइंडमध्ये 'अलाऊ-ट्रान्सफर' (झोन कुणाला द्यायचा ते सांगणारी ओळ) लिहिलं नाही तर झोन मागेल त्याला मिळे, आतल्या टेस्ट सर्व्हरांच्या नावांसकट. हा उदारपणा कितीतरी वर्षं का चालू ठेवला, याचं समर्थन मला तरी करता येत नाही. २०२४ च्या बाइंड ९.२० मध्ये तो बंद झाला. जुनी कॉन्फिग तशीच ठेवून अपग्रेड केलं की आता ट्रान्सफर नाकारला जातो, पण सेकंडरी हातातला जुना झोन निमूट देत राहते. एक्स्पायरची मुदत (ताजी प्रत न मिळता जुनी वापरायची मर्यादा) उलटली की ती सर्व्हफेल, म्हणजे 'उत्तर देता येत नाही' असा निरोप, द्यायला लागते, आणि तोवर अपग्रेड कुणाच्या लक्षातही नसतं.