फ्यूज सारखा जातोय? जाड तार घालण्याआधी वाचा (भाडेकरूंसाठी)

‘फ्यूज सारखा जातोय, जरा जाड तार घालून द्या’ असा फोन आला की आम्ही इलेक्ट्रिशियन आधी विचारतो, आत्ता किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या चिनी मातीच्या खाचेत) काय घातलंय? बहुतेकदा उत्तर ठरलेलं: जुन्या इस्त्रीच्या वायरीतल्या तारा पिळून घातल्यात, तात्पुरत्या.

ही तात्पुरती तारच आमचा अर्धा दिवस खाते. १५ अँपिअरची फ्यूज तार साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याहून जाड पीळ घातला की फ्यूज जायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापू लागते. मग कुठल्या तरी स्विचबोर्डामागचा सैल जोड काळा पडतो. मूळ दोष इस्त्रीच्या प्लगमध्ये असतो, पण जळालेलं सापडतं तिसऱ्याच खोलीत, तेही एकेक बोर्ड उघडून मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्यावर. उडालेला फ्यूज तसाच ठेवला असता तर हेच काम बऱ्याचदा अर्ध्या तासात झालं असतं.

योग्य जाडीची तारसुद्धा तशी ढिलीच. क्षमतेच्या जवळपास दुप्पट प्रवाह झाल्याशिवाय ती भरवशानं वितळत नाही. एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) दीडपटीच्या आतच, फार तर तासाभरात पडतो. म्हणून आम्ही एमसीबी सुचवतो.

पण ‘बाकी काही नको, फक्त एमसीबी बसवा’ हे आम्ही करत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी म्हणजे पुन्हा तीच जाड तार, फक्त दिसायला नवी. आधी वायरीची जाडी आणि इन्सुलेशन तपासतो. शॉकपासून वाचवणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लावायची तर दोन सर्किटांचे न्यूट्रल (प्रवाह परत नेणाऱ्या तारा) कुठे एकत्र झालेत का तेही बघावं लागतं, नाहीतर ती बसवल्या दिवसापासून पडत राहते. ‘तपासणीचे पैसे कशाला?’ असं काही जण विचारतात. त्यांना आम्ही मेगरचं रीडिंग दाखवतो.

फार जुन्या बोर्डात फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) एक आणि न्यूट्रलला एक अशी दोन किटकॅट असतात. न्यूट्रलचं गेलं की दिवा-पंखा बंद पडतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच असते. एखादं उपकरण चालू राहिलं असेल तर टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटतो. असं दिसलं तर हात लावू नका, मेन स्विच बंद करून फोन करा.

आता घरमालकांचा विषय. बोर्ड त्यांचा, त्यामुळे त्यांची लेखी संमती (मोबाइलवरचा मेसेज चालतो) मिळेपर्यंत आम्ही तो बदलत नाही. एकदा भाडेकरूच्या शब्दावर काम केलं, तर मालकांनी जुनाच बोर्ड परत लावायला लावला! तेव्हापासून तपासणीनंतर फोटोंसह एक पानी अहवाल देतो. तो मालकांना पाठवा. काळ्या पडलेल्या जोडाचा फोटो पाहिल्यावर सहसा फार समजवावं लागत नाही. मीटर आणि त्याआधीचं सीलबंद कटआउट वीज कंपनीचं, त्याला आम्ही हात लावत नाही.

आम्ही येईपर्यंत उडालेलं किटकॅट जसं आहे तसं राहू द्या आणि फ्यूज गेला तेव्हा काय काय चालू होतं ते कागदावर लिहून ठेवा. गीझर असेल तर तोही लिहा, तो हमखास राहतो.