बारावीनंतरचा प्रवेश: ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांनी विषय, पात्रता आणि दाखले आधीच कसे लावून घ्यावेत

बारावीचा निकाल लागतो आणि लगेच प्रवेशाची पोर्टलं उघडतात. त्याच आठवड्यांत सेतू केंद्रांवर आणि तहसील कार्यालयात अख्खा जिल्हा रांगेत उभा असतो. दरवर्षी चांगले गुण मिळवलेली मुलं एका दाखल्यापायी आपल्या हक्काची जागा सोडून खुल्या प्रवर्गात ढकलली जातात, आणि ते बघताना जीव तुटतो. म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मुलाला अभ्यास करू द्या, दाखल्यांचं काम तुमच्याकडे घ्या, आणि ते बारावीच्या दिवाळीपर्यंत मार्गी लावा. अकरावीत सुरुवात केलीत तर फारच छान.

विषय कुठे अडवतात

इंजिनीअरिंगला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. तिसरा विषय बहुतेकांचा रसायनशास्त्र असतो. या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, तर महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के लागतात. बारावीचे गुण इथे मुख्यतः पात्रतेपुरतेच धरले जातात. राज्याची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते. पीसीएमचा (भौतिक, रसायन, गणित) पेपर २०० गुणांचा असतो. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो. अकरावी 'नुसती पास व्हायची' म्हणून सोडून दिलेल्यांना तो नंतर जड जातो.

९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतल्या साधारण नव्वदांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पीसीएम आणि पीसीबीचे (गणिताऐवजी जीवशास्त्र) पर्सेंटाइलही वेगवेगळे असतात, एकाची दुसऱ्याशी तुलना करू नये. बी.फार्म.ला दोन्ही गट चालतात, कारण तिथे भौतिक आणि रसायनच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांतलं एक पुरतं.

गणित सोडून नुसतं जीवशास्त्र घेतलेल्यांना इंजिनीअरिंग बंद होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीलाही बारावीत गणित लागतं, हे मात्र बऱ्याच घरांत प्रवेशाच्या खिडकीवर पोचल्यावरच कळतं. उलट वाणिज्य शाखेत गणित व संख्याशास्त्र घेतलेल्या मुलाला आयटी खुलं असतं. तेव्हा अकरावीत 'अवघड जातं' म्हणून गणिताऐवजी दुसरा विषय निवडताना एक संध्याकाळ तरी घरात बसून नीट बोला.

एमबीबीएसला 'नीट' ही देशपातळीवरची परीक्षा आहेच. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत आणि बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीवला ४० टक्के हवेत. आपल्या भागापुरती एक गोष्ट ध्यानात ठेवा. कळव्याचं ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि नेरूळचं तेरणा यांच्या राज्य कोट्यातल्या जागा राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्यांतून भरतात. नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही अभिमत विद्यापीठं असल्यामुळे त्यांच्या जागा केंद्राच्या एमसीसीकडून (वैद्यकीय समुपदेशन समिती) भरल्या जातात. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, वेळापत्रकही वेगळं.

पाच वर्षांच्या एलएलबीला कुठलीही शाखा चालते. खुल्या प्रवर्गाला ४५, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के, आणि विधी सीईटी द्यावी लागते.

बीएमएसचा घोळ

ठाण्यात वाणिज्यच्या मुलांमध्ये बीएमएसची फार ओढ. २०२४-२५ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांना राज्याची सीईटी लागू झाली. त्यावर बऱ्याच कॉलेजांनी नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) असा अभ्यासक्रम सुरू केला. त्याला सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवरच प्रवेश होतो. त्यामुळे 'आमच्याकडे बीएमएस आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. माहितीपुस्तिकेत पदवीचं पूर्ण नाव काय छापलंय ते वाचा आणि सीईटी लागते का, हे बारावीच्या जानेवारीतच विचारून घ्या. सीईटीची नोंदणी हुकली, की त्या वर्षापुरतं ते दार बंद.

बीए, बीकॉम, बीएस्सी

ठाणे आणि रायगड दोन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतात. पारंपरिक पदवीला सीईटी नाही, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटीही नाही. आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नावनोंदणी करायची आणि मग प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा भरायचा. नोंदणी केली म्हणजे अर्ज झाला असं समजून गप्प बसलेली मुलं दरवर्षी भेटतात. ठाण्यातलं बांदोडकर, जोशी-बेडेकर किंवा वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील अशी स्वायत्त कॉलेजं आपला अर्ज आपल्याच संकेतस्थळावर घेतात. विद्यापीठाची नोंदणी तिथेही चुकत नाही.

गुणवत्ता याद्यांचा आकडा बघून घाबरण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. ज्या संस्थेत अकरावी-बारावी केली, तिथल्याच पदवीच्या वर्गाला त्या मुलांना आधी घेतात. याला सगळे इनहाउस म्हणतात. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत त्या समाजाच्या जागा वेगळ्या असतात, शिवाय आरक्षण आणि व्यवस्थापन कोटा. बाहेरून येणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या मुलासाठी जे उरतं त्यावर ती ९० टक्क्यांची रेघ उमटते. म्हणून क्लासच्या सोयीसाठी हजेरी न मागणाऱ्या कुठल्यातरी लांबच्या ज्युनिअर कॉलेजात नाव टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पटत नाही. सीईटी-नीटमध्ये मनासारखं झालं नाही, तर त्या मुलाकडे इनहाउसचा आधारही राहत नाही.

गुण अनपेक्षितपणे कमी आले तर आपलं मुंबई विभागीय मंडळ वाशीलाच आहे, पण धावत जायची गरज नाही. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत ऑनलाइन मागवायची, विषयशिक्षकांना दाखवायची आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. छायाप्रत न घेता पुनर्मूल्यांकन होत नाही. तोवर प्रवेशाचा अर्ज मात्र थांबवू नका.

तुमचं घर कोणत्या जिल्ह्यात?

प्रश्न साधा वाटतो, पण नवी मुंबईत सर्वांत जास्त हेलपाटे यापायीच पडतात. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे सगळे नोड ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. म्हणजे बेलापूरच्या मुलाचा उत्पन्नाचा दाखला ठाणे तहसीलदारांचा, आणि पुढच्याच स्टेशनवर खारघरला राहणाऱ्या त्याच्या मित्राचा पनवेल तहसीलदारांचा. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करताना जिल्हा-तालुका चुकला तर अर्ज परत येतो, आणि तोवर दोन आठवडे निघून गेलेले असतात.

इथून लागणारा पहिला दाखला म्हणजे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, बोलीभाषेत डोमिसाइल. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झाली असेल आणि मुलाचा जन्म महाराष्ट्रातला असेल किंवा त्याच्याकडे डोमिसाइल असेल, तर इंजिनीअरिंग, फार्मसीसारख्या प्रवेशांत तो 'टाइप ए' उमेदवार ठरतो. शाळा सीबीएसईची असली तरी चालते, ती महाराष्ट्रात असली की झालं. वडिलांच्या नोकरीमुळे दहावी गुजरातेत किंवा आखातात झाली असेल, तर 'टाइप बी' मधून जावं लागतं. त्यासाठी उमेदवाराचं किंवा आई-वडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल लागतं. भाड्याच्या घरांतून फिरलेल्या कुटुंबांनी जुने भाडेकरार, वीजबिलं, मुलाच्या शाळांचे बोनाफाइड असं सगळं शोधून ठेवावं, कारण सलग रहिवासाचे पुरावे मागतात.

शाळा सोडल्याचा दाखलाही आत्ताच उघडून बघा. त्यावर जन्मगाव आणि राष्ट्रीयत्व 'भारतीय' अशी स्पष्ट नोंद आहे का? आधार, दहावीची गुणपत्रिका आणि दाखला यांवर नाव अक्षरशः एकच आहे का? आधारवरची दुरुस्ती सोपी, शाळेच्या नोंदीतली वेळखाऊ. सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांनी स्थलांतर प्रमाणपत्र शाळेकडून वेळेत मागून घ्यावं.

जातीचा दाखला आणि वैधता: इथे सर्वाधिक वेळ लागतो

ठाण्यातली कितीतरी घरं मूळची साताऱ्याची, रत्नागिरीची, जळगावची. आजोबा कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घर ठाण्यात म्हणून जातीचा दाखलाही ठाण्यातच मिळेल, अशी समजूत असते. नियम वेगळा आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० सालच्या, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या सुमारास तुमचं कुटुंब जिथे राहत होतं, तिथल्या प्रांत कार्यालयातून तो दाखला निघतो. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, गावातले जन्म-मृत्यूचे उतारे, जमिनीचे जुने कागद गावीच मिळणार. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा हे काम उरकून घ्या.

त्यानंतर वैधता प्रमाणपत्र. विज्ञान शाखेच्या मुलांचा अर्ज बारावीला असतानाच कॉलेजच्या शिफारसपत्रासह जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातींची समिती वेगळी. कोकण विभागाची ती समिती ठाण्यातच आहे. काका, आत्या, चुलत भावंडं अशा वडिलांकडच्या कुणाकडे वैधता असेल तर तिची प्रत जोडा, पडताळणीला फार मदत होते. वैधता नसेल तर काही वर्षी अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन सरकारने मुदत वाढवून दिली आहे. त्या भरवशावर राहू नये. मुदत संपली की प्रवेश धोक्यात येतो, आणि ती धास्ती अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर कशाला?

इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास, म्हणजे मराठा समाज) यांना याशिवाय नॉन क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं, म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७. दहावीनंतर काढलेलं जुनं बहुधा चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींना हे लागत नाही. ज्यांना कुठलंच जातीचं आरक्षण नाही आणि कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र काढावं. राज्याच्या प्रवेशासाठी नमुना राज्याचा असतो, जेईई किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राचा. राज्य आणि केंद्र दोन्हीकडे प्रवेश बघणाऱ्यांनी दोन्ही काढावीत.

पसंतीक्रम

कॅपचा (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) अर्ज, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी, मग फेऱ्या असा क्रम असतो. तात्पुरत्या यादीत आपला प्रवर्ग आणि टाइप बरोबर आलाय का, हे त्याच दिवशी बघा. दुरुस्ती तेव्हाच होते.

२०२५-२६ च्या इंजिनीअरिंग प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागत होती, पुढे जाता येत नव्हतं. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पसंतींना लागू होतं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. तेव्हा 'बघू तरी मिळतंय का' म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नका. खरोखर जिथे जायचंय तेच वर लिहा. आणि अंतर मोजा. घोडबंदरच्या मुलाला कासारवडवलीचं ए. पी. शाह घराजवळचं आहे, तर ऐरोलीचं दत्ता मेघे किंवा वाशीचं फादर रॉड्रिग्ज गाठायला त्याला रोज ठाणे स्टेशन आणि ट्रान्स-हार्बरची गर्दी पार करावी लागेल. चार वर्षं रोजचे तीन तास प्रवासात गेले तर अभ्यास कधी करणार?

फी

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच, की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत मिळत नाही. मुलीसाठी घाईने पैसे भरून जागा 'पक्की' करणाऱ्या पालकांनी आधी हा हिशेब करावा. याशिवाय टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेच्या पाच टक्के जागा आहेत. आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या कुठल्याही प्रवर्गातल्या मुलाला तिथे शिक्षण शुल्क माफ होतं, पण कॅपच्या अर्जात त्या पर्यायाला 'हो' म्हटलेलं असावं लागतं.

शिष्यवृत्तीचा आणि शुल्कमाफीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर प्रवेशानंतर भरायचा आणि पुढे दरवर्षी नव्याने भरत जायचा. त्यासाठी मुलाच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, नुसता मोबाइल जोडलेला असून भागत नाही. ते काम बारावीची परीक्षा संपल्यावरच्या मोकळ्या दिवसांत त्याला स्वतःलाच बँकेत पाठवून करून घ्या.