नसांची तपासणी (एनसीव्ही) : येण्याआधी एवढे वाचा

एनसीव्ही म्हणजे नसेला हलका करंट देऊन तिच्यातून संदेश किती वेगाने जातो ते मोजणे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एनसीव्ही’ लिहून दिले की बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात : करंट किती लागतो, आणि त्यातून कळते काय?

आधी एक गोंधळ दूर करू. बोलण्यात ‘नस’ कधी रक्ताची असते, कधी संवेदनेची. ही तपासणी दुसऱ्या नसेची. मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून खाली येतो, मणक्यांच्या फटींतून नसांची मुळे बाहेर पडतात आणि बोटांच्या टोकापर्यंत जातात. स्पर्शाची खबर त्याच वाटेने वर जाते. आम्ही तपासतो तो मज्जारज्जूबाहेरचा टप्पा. मेंदू यात दिसत नाही. म्हणून अचानक तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर आमच्याकडे वेळ घेऊ नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

नसेत आतला धागा संदेश नेतो आणि त्यावर मायलिनचे वेष्टन असते. वेष्टन बिघडले की संदेश रेंगाळतो. धागेच झडले की संदेश वेळेवर पोचतो, पण क्षीण. रिपोर्टमध्ये वेग आणि लहरीची उंची वेगवेगळी दिलेली असते ती यासाठी.

हाताला मुंग्या येणाऱ्यांचे उदाहरण घ्या. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूवर चिकटपट्टी लावतो. मनगटावर करंटचा टिचका देतो, अंगठा उडतो. मग तोच टिचका कोपरापाशी. मनगटापासून संदेश ३.५ मिलिसेकंदांत आला, कोपरापासून ७.५ मध्ये, आणि टेपने मोजलेले अंतर २२ सेंटीमीटर भरले, तर वेग सेकंदाला ५५ मीटर. हातात ५० च्या वर असला की ठीक, पायात ४० च्या वर. कार्पल टनेलमध्ये, म्हणजे मनगटात नस दाबली जाते त्या आजारात, हा वेग बहुधा चांगलाच असतो. उशीर होतो तो मनगटापासून अंगठ्यापर्यंतच्या शेवटच्या तुकड्यात. तिथे एका जाड पट्ट्याखालून नऊ स्नायुरज्जू आणि ही एक नस दाटीवाटीने जातात. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरे वाटते, करंगळी मात्र सुटते. करंगळीच बधिर असेल तर आम्ही कोपराकडे पाहतो, कारण तिची नस कोपरामागच्या खोबणीतून जाते. कुठे बधिर होते ते बोटाने दाखवा. नुसते ‘हात दुखतो’ म्हटले की आमचा निम्मा वेळ शोधण्यात जातो.

टिचका एक हजारांश सेकंदापेक्षाही लहान असतो. दचकायला होते, पण इजा होत नाही. ईएमजीत, म्हणजे स्नायूंच्या तपासणीत, मात्र स्नायूत बारीक सुई घालावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका. पेसमेकर असेल तर वेळ घेतानाच कळवा.

उपाशी येऊ नका. अंघोळ करून या, पण तेल, क्रीम, बाम काहीही लावू नका. चिकटपट्टी धरत नाही आणि लहर खराब येते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरी ठेवा. कोपर आणि गुडघ्याच्या वर सरकतील असे सैल कपडे घाला. हिवाळ्यात गाडीवरून आलात तर थोडे आधी पोचा. त्वचा एक अंशाने थंड झाली तरी वेग सेकंदाला दीड-दोन मीटरने घटतो आणि चांगली नस आजारी दिसते. म्हणून आम्ही हात-पाय आधी ऊबदार करून घेतो. तो वेळ वाया जातोय असे मानू नका.

तपासणीची वेळही महत्त्वाची. काचेने नस कापली तरी तुटीखालचा तुकडा काही दिवस संदेश नेत राहतो. दुसऱ्या दिवशी तिथे तपासले तर नस शाबूत आहे असा भास होईल. सुईच्या तपासणीत नस तुटल्याची खूण दिसायला सुमारे तीन आठवडे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते) रुग्ण वाढले, तेव्हा हे नाव घरोघरी पोचले. त्या आजारात पहिल्या आठवड्यात एनसीव्ही जवळजवळ नॉर्मल येऊ शकते, कारण बिघाड अनेकदा मुळांपाशी सुरू होतो आणि आपण मोजतो हातापायांत. मुळांपर्यंत जाऊन परतणारी ‘एफ वेव्ह’ म्हणून मुद्दाम पाहतो, आणि डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. पाय झपाट्याने कमजोर होत असतील किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता दाखल व्हा.

मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी दुखावतात. बधिरपणा पायाच्या बोटांपासून चढतो. काहींच्या तळपायांची रात्रभर आग होते आणि तरी रिपोर्ट नॉर्मल येतो. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. तसे नाही. एनसीव्ही मोजते जाड तंतू. आग आणि वेदना नेतात बारीक तंतू, ते या यंत्राला दिसत नाहीत. असा रिपोर्ट आला तर तो घेऊन डॉक्टरांकडे परत जा. बारीक तंतूंसाठी त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासता येतो.