नाग नदीच्या गाळातला पैसा

उन्हाळ्यात महापालिकेचे पोकलेन नाग नदीत उतरले की काठावर काळ्या गाळाचे ढीग लागतात. त्या ढिगात कुणी जुना पैसा शोधताना दिसला तर त्याला लगेच रिकामटेकडा ठरवू नये. हा नाद मेटल डिटेक्टरच्या कितीतरी आधीचा आहे.

लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघालेली ही नदी अंबाझरीवरून जुन्या वस्तीला लागून जाते आणि पुढे कन्हानला मिळते. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास नागपूर शहर वसवले, मग भोसले आले, १८५४ मध्ये त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. राज्यागणिक पैसाही बदलला. भोसल्यांचा रुपया मुघल बादशहाच्याच नावाने पडे. १८३५ पासून कंपनीचे एकसारखे नाणे आले, मग राणीछाप, आणि दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी १९४३ चा भोकाचा पैसा. पाण्यात पैसा सोडायची रीत मात्र कुणाच्याच राज्यात मोडली नाही.

दोरीला चुंबक बांधून तळ ढवळण्यात फारसा अर्थ नाही. १९९२ नंतरचा स्टेनलेस स्टीलचा रुपया त्याला चटकन चिकटतो. तांबे आणि चांदी चिकटतच नाही, म्हणजे नेमके जुने तेवढे निसटते. त्यासाठी चाळणीच बरी. सांडपाण्याच्या गाळातला तांब्याचा पैसा हिरवा नव्हे, काळाकुट्ट निघतो, गंधकाचा परिणाम. चिंच लावून घासला की लखलखतो खरा, पण वरचा थर जातो, अक्षरे बुजतात, आणि नाण्यांचे शौकीन मग तो हातातही घेत नाहीत.

आपल्या भागात वाळू धुऊन धातू काढणे हा पोटाचा धंदाच होता. बालाघाटकडचे सोनझारी लोक नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचत. सराफांच्या ओळीतली धूळ आणि राख धुणारे झारेकरी त्याच हुन्नरातले.

त्याच बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरियाला, १८७० मध्ये गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीतून धातूचा तुकडा डोकावताना दिसला. खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे-अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. नुसते तांबेच ८२९ पौंड, म्हणजे पावणेचारशे किलो! पुढे हा साठा विखुरला. काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, काही आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत.

गुप्तधनाचा आजचा कायदा तेव्हा नव्हता, तो १८७८ मध्ये आला. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर काय, कुठे, कधी सापडले हे कलेक्टरला लेखी कळवायचे. धनी मिळाला नाही आणि वेगळा करार नसला तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, चौथा जागामालकाचा. सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घ्यायची. लपवले तर हिस्सा गेलाच, वर एक वर्षापर्यंत कैद.

यातला ‘कुठे’ मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९३९ मध्ये मंगरुळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला सातवाहनांची दीड हजारावर नाणी एकाच ठिकाणी निघाली. नागपूरचे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी ती अभ्यासली आणि विदर्भावरच्या सातवाहन सत्तेचा मोठा पुरावा हाती आला. तीच नाणी सुटी होऊन बाजारात गेली असती तर मोडीच्या भावाने संपली असती. नदीतल्या नाण्याचे हेच दुखणे आहे: पुराने ते कुठून आणले, कोण सांगणार?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांची रेघ आखली: तितके जुने नाणे म्हणजे पुरावस्तू. भोकाचा पैसा अजून तिच्या अलीकडे आहे. राणीछाप रुपया पलीकडे गेला, त्यामुळे तो अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पाठवता येत नाही.