नैराश्यातील ओपिऑइड ग्राहींचे प्रतिमांकन

नैराश्यग्रस्त व्यक्तींच्या मेंदूत ओपिऑइड ग्राही (मॉर्फिनसारखी द्रव्ये जेथे चिकटून परिणाम घडवतात ते पेशींवरील रेणू) कोठे व किती प्रमाणात उपलब्ध आहेत, हे पेट स्कॅनने, म्हणजे शरीरात सोडलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याचा माग घेऊन चित्र काढणाऱ्या तंत्राने, मोजण्याची संशोधनपद्धती. रोगनिदानासाठी ती वापरली जात नाही. या ग्राहींचे म्यू, कॅप्पा व डेल्टा हे तीन प्रमुख प्रकार असून मॉर्फिनप्रमाणेच शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन, एन्केफॅलिन व डायनॉर्फिन ही पेप्टाइडेही (लहान प्रथिनसदृश रेणू) त्यांच्यावर कार्य करतात. तीव्र विषण्णतेवर अफूचे चढत्या मात्रेतील उपचार यूरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ होते. १९५० नंतरच्या दशकात नैराश्यरोधक औषधे आल्यावर ते मागे पडले.

ग्राहींच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. किरणोत्सर्गी अणू जोडलेले औषध वापरून विशिष्ट बंध ओळखण्याची रीत स्टॅनफर्डचे अवराम गोल्डस्टाइन यांनी १९७१ मध्ये मांडली. मात्र त्यांच्या मोजणीत असा बंध फारच थोडा आढळला. १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कमधील एरिक सायमन आणि उप्सला येथील लार्स तेरेनियस यांचे निष्कर्ष काही महिन्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. १९७८ चा लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा अमेरिकी पुरस्कार स्नायडर यांच्यासह जॉन ह्यूझ व हान्स कॉस्टरलिट्झ यांना मिळाला. या दोघांनी ॲबर्डीन येथे एन्केफॅलिन शोधले होते. आपल्याला वगळल्याबद्दल पर्ट यांनी स्वतः जाहीर आक्षेप घेतला. लोकप्रिय लेखनात शोध बहुधा एकट्या हॉपकिन्स गटाच्या नावे सांगितला जातो. तीन गटांचे स्वतंत्र शोध मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

जिवंत माणसाच्या मेंदूतील या ग्राहींची पेट चित्रे १९८५ मध्ये जेम्स फ्रॉस्ट व सहकाऱ्यांनी हॉपकिन्स येथेच प्रसिद्ध केली. त्यासाठी वापरलेले कार्फेंटानिल हे ओपिऑइड औषध मुख्यतः म्यू ग्राहींना चिकटते. ते मॉर्फिनपेक्षा सुमारे दहा हजार पट प्रभावी असल्याने त्याची मात्रा मायक्रोग्रॅमांतच ठेवावी लागते. त्याला जोडलेल्या कार्बन-११ या किरणोत्सर्गी अणूचे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे असते. त्यामुळे असे अणू तयार करणारे सायक्लोट्रॉन हे यंत्र जवळच हवे. हे काम मोजक्याच केंद्रांपुरते राहिले, ते यामुळेच. लंडनमध्ये वापरले गेलेले डायप्रेनॉर्फिन हे दुसरे द्रव्य तिन्ही प्रकारांना चिकटते. त्याच्या चित्रावरून प्रकार वेगळे काढता येत नाहीत.

स्कॅनमधून हाती येणारी संख्या म्हणजे ‘बंधनक्षमता’, अर्थात ते द्रव्य ग्राहींना किती चिकटले याचे माप. कार्फेंटानिलच्या बाबतीत ती मेंदूच्या मागील, म्हणजे ऑक्सिपिटल भागाच्या तुलनेत काढतात, कारण तेथे म्यू ग्राही अत्यल्प असतात. ही संख्या कमी आली, तर दोन अर्थ संभवतात : ग्राहीच कमी आहेत, किंवा शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइडांनी ते आधीच व्यापले आहेत. रिकाम्या खुर्च्या मोजून सभागृहात एकूण खुर्च्या किती, हे ठरवण्यासारखाच हा प्रकार. एकाच विश्रांत स्कॅनवरून यांतला अर्थ निवडता येत नाही. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन अवस्थांची तुलना करणारे प्रयोग अधिक विश्वसनीय ठरतात, जरी त्यांतील सहभागींची संख्या लहान असली तरी.

अशा प्रयोगांची सुरुवात प्रामुख्याने मिशिगन विद्यापीठात जॉन-कार झुबिएटा यांच्या गटाने केली. २००३ च्या अभ्यासात निरोगी स्त्रियांना स्वतःच्या आयुष्यातील दुःखद प्रसंग आठवायला सांगितले असता अग्र सिंग्युलेट, ॲमिग्डाला आदी भावनांशी निगडित भागांत बंधनक्षमता वाढली. याचा अर्थ ओपिऑइड स्राव घटला, असा लावला गेला. २००६ मध्ये हीच रीत नैराश्य असलेल्या, औषध न घेणाऱ्या १४ स्त्रियांवर वापरली, तेव्हा काही भागांतील बदल निरोगी गटाच्या उलट, म्हणजे स्राव वाढल्याच्या दिशेने गेले. पुढे डेव्हिड सू व सहकाऱ्यांनी (२०१५) सामाजिक नकाराचा प्रसंग वापरला. त्यात रुग्णांमधील स्राव कमी आढळला आणि त्यांना सावरायलाही अधिक वेळ लागला. दोन्ही निष्कर्ष सरळ जुळत नाहीत; आठवलेले दुःख व अनोळखी माणसाने दिलेला नकार ही मुळात वेगळी उद्दीपने आहेत, हे त्याचे एक संभाव्य कारण.

मार्ता पेसिन्या यांच्या अभ्यासात (२०१५) रुग्णांना आधी निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो, औषध म्हणून दिली गेली आणि मग दहा आठवडे नेहमीचे नैराश्यरोधक औषध. प्लासिबोने ज्यांचा ओपिऑइड स्राव अधिक वाढला, त्यांना पुढील औषधाचाही गुण अधिक आला. प्लासिबो गटात सुधारणा दिसते म्हणून औषधचाचण्या फसतात, ही तक्रार जुनी आहे; त्या सुधारणेमागील एक जैविक यंत्रणा येथे दिसते.

फिनलंडमधील तुर्कू येथील लाउरी नुम्मेन्मा यांच्या गटाने २०२० मध्ये १३५ निरोगी व्यक्तींचे स्कॅन एकत्र तपासले. नैराश्य व चिंतेची लक्षणे जितकी अधिक, तितकी म्यू ग्राहींची उपलब्धता कमी आढळली. संख्येने हा अभ्यास भक्कम असला, तरी त्यात रुग्ण नव्हते, बहुसंख्य पुरुष होते आणि मोजणी विश्रांत अवस्थेतील होती. वय, लिंग व धूम्रपान यांचाही बंधनक्षमतेशी संबंध असल्याने मिशिगन व तुर्कू यांचे आकडे शेजारी ठेवताना सावधगिरी हवी.

कॅप्पा ग्राहींविषयीची माहिती त्रोटक आहे. प्राण्यांत डायनॉर्फिनचा संबंध तणाव व अस्वस्थतेशी जोडला गेला आहे. परंतु २०१८ मधील एका प्राथमिक पेट अभ्यासात रुग्ण व निरोगी गटांत फरक आढळला नाही. औषधांच्या बाजूने, ओपिऑइड ग्राहींवर कार्य करणाऱ्या ब्यूप्रेनॉर्फिन व सॅमिडॉर्फन यांचे नैराश्यावरील मिश्रण अमेरिकी औषध प्रशासनाने २०१९ मध्ये नाकारले, तर कॅप्पा ग्राही अडवणाऱ्या ॲटिकाप्रंटच्या नैराश्यावरील अंतिम टप्प्यातील चाचण्या पुरेसा गुण न दिसल्याने २०२५ मध्ये थांबवण्यात आल्या.