गाडी नेमकी कधी तापते?

"गाडी गरम होतेय" एवढ्याने मेकॅनिकला फारसं काही कळत नाही. कधी गरम होते? सिग्नलला उभी असताना की चढावर? सुरू केल्या केल्या की तासभर चालवल्यावर? या प्रश्नांच्या उत्तरांतच बहुतेकदा निम्मं निदान दडलेलं असतं. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतल्या प्रत्येक भागाची कामाची वेळ वेगळी असते आणि बिघडलेला भाग नेमका त्याच वेळी उघडा पडतो.

इंधन जळताना सिलिंडरमधल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचं असतं. ते शाबूत राहतं ते भोवती फिरणाऱ्या कूलंटमुळे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवामुळे. ढोबळ मानाने इंधनातली एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेल्या उष्णतेतली बरीचशी कूलंटला बाहेर काढावी लागते.

आता गाडी कधी तापते ते पाहू. गाडी वाहतुकीत अडकली की तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, असं होत असेल तर पहिला संशय फॅनवर घ्यावा. गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर, म्हणजे कूलंटची उष्णता हवेत सोडणारी जाळी, थंड करतो, फॅनची गरज लागते ती गाडी थांबल्यावर. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की थोड्या वेळात फॅन फिरू लागतो. तो फिरला नाही तर फ्यूज, रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच), मग मोटर, या क्रमाने तपासावं. फ्यूजबॉक्समध्ये तशाच क्रमांकाचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून लगेच खात्री करता येते.

याउलट उभी असताना ठीक, पण लांब चढावर किंवा वेगात तापते, तेव्हा फॅनच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथे उष्णता जास्त तयार होते आणि रेडिएटर कमी पडतो. नळाचं किंवा बोअरचं पाणी भरत राहिलं की त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून थर धरतात. बाहेरून चिखल, किडे आणि धूळ पत्र्यांमध्ये अडकतात. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो म्हणून फसू नये. समोर दिसतो तो बहुधा एसीचा कंडेन्सर, आणि कचऱ्याची गादी त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसलेली असते. ती पाण्याच्या हलक्या धारेने काढावी, जोराच्या धारेने नाजूक पत्रे वाकतात. रेडिएटर चांगला असेल तर कूलंट फिरवणारा वॉटर पंप पाहावा.

थंड गाडी सुरू करून थोड्याच मिनिटांत काटा लाल रेषेकडे निघाला तर थर्मोस्टॅट पाहा. त्यात मेणाची एक छोटी डबी असते. साधारण ८२ ते ९० अंशांच्या आसपास मेण वितळतं, फुगतं आणि झडप ढकलून रेडिएटरची वाट उघडतं. वीज नाही, संगणक नाही, फक्त मेणाचं प्रसरण! मला हा सगळ्या यंत्रणेतला सर्वात देखणा भाग वाटतो. तो बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापलेलं आणि रेडिएटर मात्र गार, असा विचित्र प्रकार दिसतो. उघडा अडकला तर गाडी लवकर तापतच नाही. याकडे कुणी लक्ष देत नाही, पण इंजिन अजून थंडच आहे असं समजून इंधन जास्त सोडलं जातं.

रेडिएटरच्या झाकणाची आठवण सगळ्यात शेवटी होते. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मं निम्मं घेतलं तर ते मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळतं. झाकण आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवतं आणि प्रेशर कुकरप्रमाणे उकळण्याचं तापमान १२५ अंशांच्या आसपास नेतं. त्याचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि बाकी सगळं धडधाकट असूनही कूलंट उकळतो. गरम इंजिनाचं झाकण उघडू नये तेही याचमुळे: दाब सुटताच आतल्या द्रवाची तत्क्षणी वाफ होऊन ती अंगावर उसळते. झाकणात उलट्या दिशेची दुसरी छोटी झडपही असते. इंजिन थंड होताना कूलंटच्या बाहेरच्या टाकीतला कूलंट तिच्यातून आत परततो. रात्रभर उभ्या गाडीचा होज पाइप सकाळी चपटा दिसला, तर बहुधा ती झडप चिकटली आहे.

काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. अनेक गाड्यांत ठरावीक मर्यादेत तापमान वरखाली झालं तरी काटा मध्येच राहावा अशी रचना असते. शिवाय कूलंट इतका कमी झाला की सेन्सर हवेत उघडा पडला, तर इंजिन तापलेलं असूनही काटा खाली येऊ शकतो. इंजिन गरम आणि हीटरमधून मात्र गार हवा, हा त्या वेळचा खरा इशारा.

यंत्रणा बंदिस्त आहे, त्यामुळे दर महिन्याला पाणी ओतावं लागणं हा बिघाडच आहे. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाभोवती वाळलेले रंगीत डाग दिसले तर पंपाचं सील गेलंय. बाहेर कुठेच थेंब नाही, तरी पातळी उतरते, टाकीत बुडबुडे येतात, इंजिन पूर्ण तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहतो, अशा वेळी हेड गॅस्केटचा (हेड आणि त्याखालच्या इंजिनाच्या ठोकळ्यामधल्या सीलचा) संशय घ्यावा आणि गाडी चालवणं थांबवावं.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करा, म्हणजे थोडी उष्णता तिकडून निघेल. मग सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास बॉनेटखाली हात घालू नका. इंजिन बंद असतानाही विजेचा फॅन अचानक सुरू होऊ शकतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

कूलंट बदलताना रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी यांचं सर्वमान्य प्रमाण नाही, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्या. पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर वापरा. भरल्यावर यंत्रणेतली हवा काढून टाका, नाहीतर हवेचा फुगा अडकून नवा कूलंट असूनही इंजिन तापतं. काढलेला जुना कूलंट झाकणबंद डब्यात ठेवून गॅरेजमध्ये द्या. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि तितकंच विषारी असतं. जमिनीवर सांडलेलं डबकं कुत्र्या-मांजरांचा आणि लहान मुलांचाही जीव घेऊ शकतं.